होल्डवरचा नवनाथ

नवीन मशीन आलं की त्याला हार घालायचा, पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवायचं, ही चाकणच्या कंपन्यांची रीत. या मशीनला चाकं नव्हती. पण लिंबू आणलेलं होतं, आणि आणलेलं लिंबू खिशात घालून परत नेणं भीमराज सुपरवायझरच्या जिवावर आलं. त्याने ते मशीनच्या पट्ट्यावर ठेवलं. पट्टा जरा उताराचा होता. लिंबू घरंगळत आत गेलं आणि पॅनेलवर तांबडा दिवा लागला.

मशीन परदेशातून आलं होतं. एका बाजूने नमुन्याचा पार्ट आत सरकवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं, की दुसऱ्या बाजूने हुबेहूब तसाच आणखी एक पार्ट बाहेर. हे ते कसं करतं ते विकणाऱ्यांना नीट सांगता आलं नव्हतं, आणि घेणाऱ्यांनी खोदून विचारलं नव्हतं. मोठे साहेब हातात पेढा घेऊन उभे होते. मशीन चालू झाल्याशिवाय पेढा खायचा नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

आता लिंबू काढायला आत कोण शिरणार? याच्यावर चर्चा झाली नाही. पर्मनंट माणूस मशीनच्या आत गेला की युनियन गेटच्या बाहेर येते. नवनाथ कॉन्ट्रॅक्टवर होता आणि अंगाने काडी होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तो मुकाट्याने वाकला आणि रांगत आत गेला. लिंबू एका काचेच्या डोळ्यापुढे जाऊन अडकलं होतं. त्याने ते उचललं. उचलल्याबरोबर बाहेरचा तांबडा दिवा विझून हिरवा लागला, आणि हिरवा दिवा दिसला की बटण दाबायचं, हे भीमराजच्या हाडात वीस वर्षं मुरलेलं होतं.

मशीनच्या एका बाजूने नवनाथ लिंबू घेऊन बाहेर आला. दुसऱ्या बाजूनेही नवनाथ लिंबू घेऊनच बाहेर आला. साहेबांनी पेढा तोंडात टाकला, कारण मशीन चालू झालं होतं यात तर शंका नव्हती.

ही गोष्ट दुसऱ्या बाजूने आलेल्याची आहे. त्याला आपण नवनाथच म्हणू. कंपनीने उलटं केलं, पण गोष्ट कंपनी सांगत नाहीये. त्याच्या लेखी तो आत गेला होता, लिंबू उचललं होतं, जरा दिशा चुकली आणि पलीकडून निघाला होता, एवढंच. मशीनला वळसा घालून आला तर त्याच्या जागेवर त्याचाच शर्ट घालून कुणीतरी उभं.

तेवढ्यात क्वालिटीचा माणूस कार्डं घेऊन धावत आला. कंपनीत प्रत्येक पार्टला कार्ड लागतं: चांगल्याला हिरवं, भंगाराला लाल, आणि ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही त्याला पिवळं. त्याने दोघांना खालीवर न्याहाळलं, गळ्याचं माप घेतलं, कानामागचा तीळ पाहिला. मग म्हणाला, "आत गेला तो मास्टर. पलीकडनं पडला तो पार्ट." मास्टरच्या खिशाला हिरवं कार्ड लागलं. नवनाथच्या खिशाला पिवळं. त्यावर लिहिलं होतं: होल्ड, तपासणी होईपर्यंत हलवू नये.

नवनाथच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला कारण होतं. चार वर्षं तो या कंपन्यांच्या पट्ट्यात कॉन्ट्रॅक्टवर काढत होता. सात महिने झाले की ब्रेक, मग नवं कार्ड, नवी जॉइनिंग, म्हणजे माणूस कितीही झिजला तरी कागदावर कधी जुना होत नाही. या खेपेस मात्र एचआरच्या दिपाली मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं होतं की पर्मनंटचं लेटर पहिल्या तारखेला मिळेल. त्या लेटरवर त्याचं लग्न अडलं होतं. तळवड्याची स्वप्नाली, आयटी पार्कमधल्या एका ऑफिसात कामाला, शेअर रिक्षात ओळख झाली आणि दोघांचं आपापसात ठरूनही गेलं. तिच्या वडलांच्या, रंगरावांच्या, दोन अटी होत्या. मुलगा पर्मनंट पाहिजे आणि पत्रिका जुळली पाहिजे. पत्रिका जुळली नव्हती. एकनाड निघाली होती. पण रंगरावांनी मन मोठं करून सांगितलं होतं, "लेटर आणा, नाडीची शांत करू." आता लेटर एक आणि नवनाथ दोन.

दिपाली मॅडमच्या केबिनमध्ये दोघे शेजारी शेजारी बसले.

"लेटर एकाच नावाचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"नाव एकच आहे, मॅडम," दोघेही म्हणाले.

"जॉइनिंग डेट काय?"

नवनाथने आपली तारीख सांगितली. ती पाठ होती.

"ती यांची झाली. तुमची आज दुपारची." मॅडमना खरंच वाईट वाटत होतं, त्या बाई वाईट नव्हत्या. "तुम्हाला मी कामगार दाखवू तर तुमचं वेगळं आधार लागेल. माल दाखवू तर बिल लागेल. तुम्ही कंपनीच्या मशीनवर कंपनीच्या वेळेत तयार झालात, म्हणजे तुम्ही बहुतेक स्टॉक आहात. ऑडिट होईपर्यंत होल्डवर राहा. आणि प्लीज, कार्ड काढू नका."

दोघांना परत आत घालून एक करता येईल का, असंही मशीनवाल्यांना फोन करून विचारून झालं. ते म्हणाले, अवश्य घाला, चार निघतील.

संध्याकाळी दोघे निघोज्याला खोलीवर आले. दारात घरमालक भिवा उभा होता. भिवाची तीन घरं कंपनीच्या जमिनीत गेलेली, तेव्हापासून तो कशाला दचकत नसे. त्याने दोघांकडे पाहिलं.

"खोलीत एक मानूस ठरलाय. ह्यो कोन?"

"मीच आहे, भिवाअण्णा."

"व्हय? मंग आंगूळ बी एकच करायची. टाकीत पानी एकाचं हाय."

खोलीजवळच्या कोपऱ्यावर शहेबाजचं गॅरेज होतं. शहेबाज नवनाथचा जिवलग, आणि विज्ञानाच्या बाबतीत निघोज्यातला शेवटचा शब्द. लहानपणी तो नवाबचाचांच्या घरी टीव्हीवर 'नक्षत्रगस्त' बघायचा. परदेशी मालिका, हिंदीत डब केलेली, थर्मासला पंख लावावेत तशा यानातून पाच-सहा जण तारे तपासत हिंडायचे. तिचा एकही भाग त्याने चुकवला नव्हता. ही भानगड ऐकल्यावर त्याने पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

"भावा, हा भाग झालाय!" तो म्हणाला. "कॅप्टन मशीनमध्ये जातो आणि दोन होऊन निघतो. एक देवमाणूस, एक हरामी. सगळा चांगुलपणा एकात, सगळा वाईटपणा दुसऱ्यात."

"मग ओळखायचं कसं?" नवनाथने विचारलं. त्याला एकदम आशा वाटली होती. आपण चांगले निघालो तर लेटर आपल्याला मिळायला हरकत नव्हती.

"हरामी कॅप्टनच्या डोळ्यात काजळ होतं."

दोघांनी एकमेकांच्या डोळ्यात पाहिलं. रात्रपाळीची लाली होती, काजळ नव्हतं.

"आणि शेवटी काय होतं?" दुसऱ्याने विचारलं.

"शेवटाला लाइट गेली," शहेबाज म्हणाला. पंचवीस वर्षं झाली तरी ते दुःख त्याच्या आवाजात ताजं होतं.

मग शहेबाजने स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. एक वडापाव आणून दोघांच्या मध्ये ठेवला. "तू खा," एक म्हणाला. "नको, तू खा," दुसरा म्हणाला. वडा गार होईपर्यंत हे चाललं. शेवटी शहेबाजने तो मोडून दोन तुकडे केले, तेव्हा दोघांचेही हात एकदमच मोठ्या तुकड्याकडे गेले. मग त्याने एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं की तो दुसरा तुझी बदनामी करतोय. "करत असेल," नवनाथ म्हणाला. दुसऱ्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "करणारच. मीही केली असती."

शहेबाज कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. "दोघंही मीडियम आहात रे," तो म्हणाला, "हा भागच फुकट गेला."

पहिल्या तारखेला लेटर आलं आणि हिरव्या कार्डाला मिळालं. त्याला आता आपण लेटरवाला म्हणू. नवनाथ रोज गेटपर्यंत जायचा, सिक्युरिटीला पिवळं कार्ड दाखवायचा, सिक्युरिटी होल्ड वाचायचा आणि मान हलवायचा. मग तो खोलीवर येऊन भात लावायचा. लेटरवाला पाळी करून आला की खाटेवर पडायचा. पहिले दोन दिवस खाट आळीपाळीने होती. मग एकदा लेटरवाला म्हणाला, "मला उद्या फर्स्ट शिफ्ट आहे ना," आणि खाट त्याची झाली. मग पंखा त्याच्याकडे वळला. मग तो 'आमच्या कंपनीत' असं म्हणायला लागला. वाईट काहीच बोलायचा नाही. उलट भात छान झालाय म्हणायचा. नवनाथला त्या छानचाच राग यायचा.

फोनही दोन झाले होते, नंबर मात्र एक. स्वप्नालीचा फोन आला की दोन्ही वाजायचे आणि दोघेही उचलायचे.

"कोण बोलतंय?" ती विचारायची.

"मी," दोघेही म्हणायचे.

"मी म्हणू नका. दुसरं काहीतरी सांगा."

पण दुसरं सांगण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं. तिला पहिल्या भेटीत घेऊन दिलेलं कानातलं दोघांनाही आठवत होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी काळं पडलं होतं हेही.

रंगराव मात्र हाय खाणाऱ्यातले नव्हते. जन्मभर फोर्जिंगच्या शॉपमध्ये घण ऐकलेला माणूस. त्यांनी विचार केला की दुसरा मुलगा जर मंगळवारी दुपारी, चहाच्या सुटीत, चाकणला जन्मला असेल, तर त्याची पत्रिका वेगळी असणार. ते जोशीबुवांकडे गेले. जोशीबुवांनी मांडली. नाडी निराळी निघाली. गुण असे जुळले की जोशीबुवांनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. असा जोडा लाखात एखादा, म्हणाले.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. रंगरावांना दोन्ही मिळाले होते, पण दोन वेगवेगळ्या तोंडांवर. एक पर्मनंट होता, त्याची पत्रिका जुळत नव्हती. एकाची पत्रिका जुळत होती, त्याच्या खिशाला होल्डचं कार्ड होतं. त्यातून स्वप्नालीच्या आईने, सुमनताईंनी, पत्रिका हातात घेऊन तारीख वाचली आणि म्हणाल्या, "अहो, मुलगा नऊ दिवसांचा आहे. आपली मुलगी सव्वीसची. लोक काय म्हणतील?"

"वय वाढेल की त्याचं," रंगराव म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

दहाव्या दिवशी गावाकडून नवनाथची आई आली. केजजवळच्या खेड्यातून रात्रभर एसटीने प्रवास करून, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. तिचं नाव कस्तुरा. दारात दोन नवनाथ तिच्या पाया पडायला वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. तिने दोघांच्या तोंडावरून हात फिरवला. नवनाथचा जीव टांगणीला लागला होता. आई ओळखेल, आईला चुकवता येत नाही, असं त्याला आतून वाटत होतं.

"दोघंबी वाळलेत," कस्तुरा म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दोन दिवस तिने काही विचारलं नाही. दोघांना सारखं वाढलं, दोघांवर सारखी ओरडली. घरात पाणी आण म्हटलं की दोघेही तो आणील म्हणून बसून राहायचे आणि जेवायला ये म्हटलं की दोघेही उठायचे. दुसऱ्या रात्री तिने परात बाजूला सारली.

"हे काय खरं न्हाई," ती म्हणाली. "नाव एक अन् पोरं दोन. ह्याचं बारसं मी केलंय, गावात, तुझ्या बापानं जेवन घातलं व्हतं." तिने लेटरवाल्याकडे बोट केलं, मग नवनाथकडे वळली. "तुझं ऱ्हायलंय. उद्या बारावा दिवस हाय. तुझं बारसं करू."

"आई, मीच नवनाथ आहे."

"मी कुठं न्हाई म्हनायले? पर दोन नवनाथ झाले तर हाक मारावी कशी? तू बी माझंच लेकरू हाईस. कुठनं आलास त्याला काय करायचंय. ह्याचं नाव नवनाथ, तुझं एकनाथ ठिवू. भाऊ भाऊ सोभताल."

नवनाथला सरळ रडू आलं. तीस वर्षांचा बाप्या, खाटेखालच्या चटईवर बसून मुसमुसून रडला. चार वर्षांची नोकरी गेली, खाट गेली, आता नावही चाललं. एकदा नाव गेलं की स्वप्नालीने ज्याला हो म्हटलं तो नवनाथ हा दुसराच माणूस ठरणार होता, आणि आपण त्याचा बारा दिवसांचा धाकटा भाऊ. लेटरवाल्याने खाटेवरून हात खाली सोडून त्याच्या पाठीवर ठेवला. तो हात झिडकारावा की धरावा हे नवनाथला कळेना, कारण तो हात त्याचाच होता.

"रडायलास कशाला?" कस्तुरा म्हणाली. "बारशाला आईनं रडू नये म्हनतेत, तूच रडायलास."

दिपाली मॅडमनाही ही कल्पना फार आवडली. वेगळं नाव असेल तर वेगळं आधार निघेल, आधार निघालं तर माणूस कॉन्ट्रॅक्टवर घेता येईल. सात महिन्यांचा.

बाराव्या दिवशी खोलीपुढच्या पडवीत भिवाच्या घरचा जुना पाळणा टांगला. भिवाची सून, शहेबाजची बायको अल्फिया, शेजारच्या चार खोल्यांतल्या बाया, सगळ्या जमल्या. हळद-कुंकू, दिवा, घुगऱ्यांचं पातेलं. नवनाथला नवा सदरा घालून, डोळ्यात काजळ घालून आणून बसवलं. काजळ पाहून शहेबाजने आशेने मान वर केली होती, पण अल्फियाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

नवनाथ पाळण्यात मावण्याचा प्रश्नच नव्हता. कस्तुरा म्हणाली, डोकं तरी घाल. मग तो खाली आडवा झाला, डोकं पाळण्यात आणि बाकीचा पडवीत. बायांनी आधी वरवंटा पाळण्याखालून वरून फिरवला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." वरवंट्यानंतर लेकरू फिरवायचं असतं. चौघींनी मिळून त्याचे पाय उचलून पाहिले आणि परत ठेवले. भिवा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, घेतला समजा."

याच वेळी रिक्षातून रंगराव, सुमनताई आणि स्वप्नाली उतरले. रंगरावांनी ठरवून टाकलं होतं की आज सोक्षमोक्ष लावायचा. पाळण्यात डोकं घातलेला, काजळ ल्यालेला जावई पाहून ते क्षणभर रिक्षाशीच थांबले. मग सतरंजीवर बसले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "मुलामुलींना काय बोलायचं ते बोलून घेऊ द्या."

स्वप्नाली आधी लेटरवाल्याबरोबर गच्चीवर गेली. थोड्याच वेळात दोघे खाली आले. लेटरवाल्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग तिने पाळण्याशी येऊन नवनाथला हाताने ऊठ अशी खूण केली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशी दोघे उभे राहिले. समोर कंपन्यांचे पत्रे, पलीकडे महामार्गावर ट्रकांची रांग.

"त्याला मी एकच विचारलं," ती म्हणाली. "दोघांपैकी कुणी एकाने नाव बदललं की मिटतंय, तर तू बदलशील का? तो म्हणाला, मी का बदलू, माझ्याकडे लेटर आहे."

तिला वाटलं होतं नवनाथ चिडेल. त्याने नुसती मान हलवली.

"खरं सांगू का? लेटर मला मिळालं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. शब्दसुद्धा हेच." एखादा माणूस असा का वागला हे जगात कुणालाच पक्कं ठाऊक नसतं, पण लेटरवाल्याबद्दल नवनाथला ते पक्कं ठाऊक होतं. "तो वाईट नाहीये. मी त्याच्या बाजूने निघालो असतो तर खाट मीच घेतली असती."

"आणि तू? तू बदलणार का नाव?"

इतके दिवस दाबून ठेवलेलं मग एकदम बाहेर आलं. "बघ ना स्वप्ना! एवढी वर्षं ज्या नावाला ओ दिली ते सोडायचं. जे काय कमावलं ते मोजायचं नाही. आई म्हणते तू पण माझंच लेकरू, पण पहिला तो. काल रात्री रडलो, तर पाठीवर हात ठेवायलाही तोच. उद्यापासून नव्या नावाने, नव्या माणसांत पहिल्यापासून सुरुवात करायची, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, आणि वर सगळे म्हणतात आनंदाची गोष्ट आहे, पेढा घे. असं कुठं असतं का?"

स्वप्नालीने त्याच्याकडे पाहिलं. काजळ गालावर ओघळलं होतं. ती हसायला लागली. तोंडावर ओढणी धरली तरी थांबेना, शेवटी टाकीला टेकून खाली बसली.

"हसतेस काय?"

"लग्न म्हणतात त्याला," ती म्हणाली. "मला नवश्री करणार होतास ना तू? तुझ्या नावाला जुळेल असं. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिणार होतास. फोनवर सांगितलंस आणि विचारलंस, आवडलं ना? तू इतका खूश होतास की मी हो म्हटलं. मग त्या रात्री मी पण रडले. पण माझ्या पाठीवर हात ठेवायला दुसरी स्वप्नाली नव्हती."

नवनाथला तो फोन आठवला. तिच्या हो म्हणण्याआधी जरा शांतता होती, रेंज गेली असेल असं त्याला वाटलं होतं. लेटरवाल्यालाही तसंच वाटलं असणार. त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत गरम झालं. तो तिच्या शेजारी टाकीला टेकून बसला.

"मला राहू दे स्वप्नाली," ती म्हणाली. "आणि तुझं मी ठेवते. चालेल?"

"चालेल."

"विचार कर."

"केला," तो म्हणाला. "आईचं एकनाथ मात्र नको."

खाली आल्यावर रंगरावांनी विचारलं, "मग? कुठला?"

"ज्याची पत्रिका जुळते तो," स्वप्नाली म्हणाली.

"पण हा पर्मनंट..."

"हा चार वर्षं नव्हताच पर्मनंट, बाबा. तरी मी थांबलेच होते. आणि लाखात एखादा जोडा असं तुमचे जोशीबुवा म्हणाले ना?"

रंगराव सतरंजीवर जरा सरकून बसले. आपल्याच अटीत माणूस असा अडकला की बाहेर यायला वाट नसते. सुमनताई एवढंच पुटपुटल्या की बारा दिवसांचा आहे, आणि कुणी ऐकलं नाही.

नवनाथने पुन्हा पाळण्यात डोकं घातलं. नाव आत्याने सांगायचं असतं, पण त्याच्या वडलांना बहीणच नव्हती. बायांची कुजबुज चालली होती की शेजारणीला आत्या करावं का. तेवढ्यात स्वप्नालीने पदरासारखी ओढणी खोचली, पाळण्याशी वाकली आणि नवनाथच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि नाव सांगितलं. बायांना काय, निमित्त पाहिजे होतं. रीतीप्रमाणे त्यांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती पाळण्यावरच पडली. भिवाच्या सुनेने सगळ्यात जोरात घातला.

"काय ठिवलं गं?" कस्तुराने विचारलं.

"स्वप्निल," स्वप्नाली म्हणाली.

"मी एकनाथ म्हनायले व्हते," कस्तुरा म्हणाली. मग तिने दोनदा तोंडातल्या तोंडात ते नाव घोळवून पाहिलं, आणि दिव्याची वात सारखी केली. "असू दे. हाक माराय बरं हाय."

तो पाळण्यातून डोकं काढून उठून बसला. लोक घुगऱ्यांसाठी हात पुढे करत होते आणि पातेलं घेऊन लेटरवाला फिरत होता. सकाळपर्यंत त्याच्या मनात काय चाललंय हे विचारावं लागत नव्हतं, आपल्यात पाहिलं की दिसत होतं. आत्ता स्वप्निलने आपल्यात पाहिलं. खिशात लेटर आहे, समोर स्वप्नाली दुसऱ्याच्या कानात नाव सांगतेय, हातात घुगऱ्यांचं पातेलं आहे, तर कसं वाटेल? फार वाईट वाटत असेल असं त्याला वाटलं. नक्की किती, ते त्याला लागेना. अगदी जवळच्या कुणाला तरी स्टेशनवर सोडून आल्यासारखं झालं.

लेटरवाला त्याच्यापुढे आला. स्वप्निलने ओंजळ पुढे केली. ओंजळीत घुगऱ्या पडल्या, इतरांना पडल्या तेवढ्याच.

"नाव काय ठेवलं?" लेटरवाल्याने विचारलं. गर्दीत त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

"स्वप्निल."

"चांगलं आहे," नवनाथ म्हणाला, आणि पातेलं घेऊन पुढच्या माणसाकडे गेला.